एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत एडामामे: आधी पाणी घालवा, मग मसाल्याचं बघा

फ्रोझन एडामामेचं पाकीट आणलं, एअर फ्रायरमध्ये दहा मिनिटं फिरवलं आणि बाहेर आलं ते वातड, असं बऱ्याच जणांचं होतं, कारण तेल किती मसाला कुठला तापमान काय हे सगळं लोक सांगतात पण पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. एडामामेच्या दाण्यात सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते बाहेर काढलं की दाणा आपोआप कुरकुरीत होतो, नाही काढलं तर वरून करपतो आणि आत मऊच राहतो. माझ्या पहिल्या दोन घाण्यांचं हेच झालं होतं, तिसऱ्या वेळी दाणे नीट सुकवून घेतले आणि तेव्हा जमलं.

एडामामे म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कोवळं हिरवं सोयाबीन. जपानीत एदा म्हणजे फांदी आणि मामे म्हणजे दाणा, तिकडे उन्हाळ्यात शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून बिअरसोबत खातात. आम्ही लातूरकडचे, सोयाबीन म्हणजे आमच्यासाठी पोती, मोंढा आणि भाव, खायची वस्तू असं कधी डोक्यात आलंच नाही. आई पुण्याला आली तेव्हा पाकिटातले दाणे हातात घेऊन म्हणाली, "अगं, हे तर आपलं सोयाबीनच की!" आणि एवढं महाग पाकीट बघून तिला फार वाईट वाटलं, ते मला अजून आठवतं.

साहित्य फार नाही. सोललेले फ्रोझन दाणे 250 ग्रॅम, तेल एक छोटा चमचा, मीठ पाव चमचा, आणि वरून जो आवडेल तो कोरडा मसाला. शेंगांसकट पाकीट आणू नका, शेंगेचं साल चिवट असतं, ते खात नाहीत. दाण्यांचंच पाकीट बघून घ्या.

दाणे फ्रीझरमधून काढून चाळणीत घाला, साध्या पाण्याखाली मिनिटभर धरा म्हणजे बर्फ निघून जाईल, मग निथळू द्या. आता खरं काम. एक स्वच्छ सुती पंचा पसरा, त्यावर दाणे एका थरात घाला, वरून दुसरा पंचा टाकून तळहाताने हलके दाबत फिरवा. पंचा ओला होईल, मग कोरड्या बाजूवर दाणे सरकवा आणि पंख्याखाली अर्धा तास तसेच राहू द्या. घाई असेल तर पंधरा मिनिटं, पण त्याच्या खाली नको. हाताला दाणा कोरडा लागला पाहिजे, चकचकीत ओला दिसत असेल तर अजून थांबा. काही दाण्यांची पातळ सालं सुटून येतात ती काढून टाका, ती हलकी असतात आणि आत उडून वरच्या कॉइलला चिकटली की जळका वास येतो.

एअर फ्रायर 160 डिग्रीवर तीन मिनिटं रिकामा तापवा. दाणे तेल न लावता बास्केटमध्ये घाला, एकच थर, फार तर दाण्यावर थोडा दाणा. बास्केट भरून टाकायचा मोह होतो पण एअर फ्रायर म्हणजे वर कॉइल आणि पंखा, गरम वारा दाण्यांमधून फिरून वाफ घेऊन जातो तेव्हाच ते सुकतात, ढीग केला की वाफ आतच अडकते आणि दाणे उकडतात. कागदी लायनर पण घालू नका, खालची भोकं बंद होतात. छोटं 4 लिटरचं मशीन असेल तर हे 250 ग्रॅम दाणे दोन घाण्यांत करा.

160 वर 12 मिनिटं, दर चार मिनिटांनी बास्केट काढून हलवायची. इथे कान लावा. पहिल्यांदा हलवली की दाणे थपथप असा जड आवाज करतात, आठ मिनिटांनी आवाज हलका होतो, आणि बारा मिनिटांनी शेंगदाणे हलवल्यासारखा खळखळ आवाज यायला लागतो. तो आला की पहिला टप्पा झाला, नाही आला तर अजून दोन तीन मिनिटं द्या, घड्याळापेक्षा त्या आवाजावर जास्त भरवसा ठेवा कारण प्रत्येक मशीनची आग वेगळी.

मग दाणे एका वाडग्यात काढा, एक छोटा चमचा तेल आणि मीठ टाकून हाताने चोळा, परत बास्केटमध्ये घाला आणि 190 वर 5 ते 6 मिनिटं. आता दर दोन मिनिटांनी बघायचं, कारण इथून पुढे रंग पटकन बदलतो. दाणे शिवणीवर उकलतात, कडा सोनेरी तपकिरी होतात आणि मधलं हिरवं थोडं फिकं पडतं, तिथेच थांबायचं. गडद तपकिरी झाले तर कडू लागतात आणि ते कडूपण कुठल्याच मसाल्याने झाकलं जात नाही. एखाद दुसरा दाणा फट्कन फुटून उडतो, घाबरायचं नाही, आतली वाफ असते.

मीठ सुरुवातीला का नाही, तर मीठ पाणी ओढतं आणि दाण्याला परत पाझर फुटतो. तेल सुरुवातीला का नाही, तर आपल्याला आधी सुकवायचंय, तेलाचं काम शेवटी रंग आणि खमंगपणा आणणं एवढंच. आणि तेल साधंच वापरा, प्रेशरच्या डब्यातला कुकिंग स्प्रे नॉनस्टिक बास्केटवर चिकट थर धरतो तो नंतर घासून निघत नाही.

मशीन बंद केल्यावर ड्रॉवर थोडा उघडा ठेवून दाणे पाच मिनिटं आतच राहू द्या. गरम असताना चव बघितली तर मऊ वाटतात आणि लोक अजून पाच मिनिटं लावून करपवतात. एक दाणा बाहेर काढून गार करा आणि दाताखाली धरा, कट् आवाज होऊन दोन फाका झाल्या तर झालं. 250 ग्रॅमचे माझ्या काट्यावर शेवटी साधारण 110 ग्रॅम उरतात, तेवढं पाणी गेलेलं असतं.

मसाला नेहमी बाहेर काढल्यावर, दाणे गरम असतानाच. लाल तिखट आणि लसणाची पूड आत टाकली की जळते. माझी सगळ्यात आवडती चव मेतकुटाची, एक चमचा मेतकूट आणि चिमूटभर हिंग, दाण्यांना लावलेल्या तेलावर मस्त बसतं. पोरांना चाट मसाला आणि काळं मीठ आवडतं. सुकी लसणाची चटणी घालायची तर आयत्या वेळी, खोबऱ्यामुळे ती दाण्यांना ओलसर करते. लिंबू पिळायचं नाही, आंबटपणा हवा असेल तर आमचूर.

पोटाला हे भरपूर होतं. उकडलेल्या 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 12 ग्रॅम प्रोटीन असतं, मटारमध्ये 5 च्या आसपास, म्हणून संध्याकाळी चारला चिवडा फरसाणाऐवजी हे पुढ्यात ठेवलं की मला बरं वाटतं. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र लांब राहायचं, आणि अगदी लहान बाळांना असे कडक दाणे देऊ नका, घशात अडकतात.

एडामामे मिळत नसेल तर किराणातलं सुकं सोयाबीन चालतं, उलट ते जास्त कडक कुरकुरीत होतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या, पंच्यावर सुकवणं तेच, मग 160 वर 15 मिनिटं आणि 190 वर 5.

आणि गावाकडे ज्यांचं शेत आहे त्यांनी सप्टेंबरमध्ये शेंगा टच्च भरल्या पण अजून हिरव्या आहेत तेव्हा थोड्या तोडून बघा. आपल्या शेतातलं वाण तेलासाठीचं असतं म्हणून दाणा बारीक आणि गोडी कमी, तरी खायला छान लागतं. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. अळी किंवा चक्री भुंग्याची फवारणी झालेली असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय शेंगेला हात लावायचा नाही. आणि कच्चा दाणा तोंडात टाकायचा नाही, त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने कमी होतो. शेंगा मिठाच्या पाण्यात 10-12 मिनिटं चांगल्या उकळा, गार करून दाणे काढा, मग वरच्यासारखंच. पाकिटातल्या फ्रोझन दाण्यांना बहुतेक वेळा आधीच वाफ दिलेली असते, तरी पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

केले की त्याच दिवशी संपवलेले चांगले. उरले तर पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कोमट भरले की आत घाम सुटतो. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सादळतात, तेव्हा 160 वर तीन मिनिटं फिरवून गार केले की परत कडक होतात.