बचावात पक्क्या बॉक्सरची उणीव शोधायची तयारी: आधी पाय बघा

राज्य स्पर्धेत आपल्या वजनगटात एखादा न मार खाणारा मुलगा असला की सगळे त्याच्या हातांबद्दल बोलतात. गार्ड कसा, खांदा कसा फिरवतो, डोकं कसं काढतो. म्हणून तयारीची पहिली गोष्ट: व्हिडिओत त्याचे पाय दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर तो व्हिडिओ बाजूला ठेवा, कितीही स्वच्छ असला तरी. बचाव डोळ्यांना हातांत दिसतो, पण तो उभा असतो पायांवर. कमरेवरचं चित्रीकरण बघून आखलेला डाव रिंगमध्ये पहिल्या फेरीतच कोसळतो. तुम्ही ठोसा मारायचं ठरवलेली जागा त्याने पायाने आधीच सोडलेली असते.

व्हिडिओ किमान तीन लढतींचे, पूर्ण. झलका नकोत, त्यांत फक्त त्याचे चांगले क्षण असतात. तीनपैकी एक तरी लढत तो हरलेला किंवा जेमतेम जिंकलेला हवी, आणि तीनही प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या ठेवणीचे हवेत. स्वतः चित्रण करत असाल तर गोव्यातल्या पेडे-म्हापशाच्या किंवा नावेलीच्या इनडोअर हॉलसारख्या ठिकाणी गॅलरीत थोडं वर बसा. रिंगजवळ उभं राहिलात तर दोरखंड आणि रेफ्रीची पाठ नेमकी पायांवर येते. खिडकीकडे तोंड करून चित्रण करू नका, माणूस काळा दिसतो. फोन स्टँडवर, आडवा, सेकंदाला 60 फ्रेम. 30 वर जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) दोन-चार फ्रेममध्ये संपतो आणि वजन कधी हललं ते कळत नाही. पॉवरबँक, वही, पेन हे सांगायला नको.

पहिल्यांदा लढत न थांबवता बघा, आवाज बंद करून. समालोचक आणि प्रेक्षक ज्यावर ओरडतात तिकडेच नजर जाते. दुसऱ्यांदा फक्त पाय. हात झाकून बघा, अक्षरशः: स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर पोस्टकार्ड धरा. हे वेडगळ वाटतं म्हणून लोक टाळतात. टाळू नका. तिसऱ्यांदा हात.

वहीत रकाने पाडा, आणि पहिला रकाना पायांचाच. प्रत्येक देवाणघेवाणीला चार नोंदी: ठोसा येण्याआधी वजन कुठल्या पायावर, चुकवल्यावर मागचा पाय कुठे, तो डावीकडे सुटला की उजवीकडे, आणि पुन्हा नीट उभं राहायला किती वेळ लागला. चौथी नोंद लोक लिहीत नाहीत. ‘चुकवलं’ एवढं लिहून पुढे जातात. पण उणीव ठोसा चुकवण्यात नसते, चुकवून झाल्यावर तो ज्या अवस्थेत उरतो तिच्यात असते.

शोल्डर रोलवाल्याचं घ्या. पुढचा हात पोटावर आडवा, मागचा हात गालाजवळ, हनुवटी पुढच्या खांद्याआड. सरळ उजवा ठोसा खांद्यावरून घसरतो. पण त्यासाठी तो वजन मागच्या पायावर नेतो, आणि एकदा तिथे गेलं की डोकं आणखी मागे न्यायला जागा नसते. वजन पुढे आणल्याशिवाय तो हलूही शकत नाही. म्हणून तुमचा पहिला ठोसा लागावा यासाठी नसतो, वजन मागे घालवण्यासाठी असतो. जॅब, लगेच दुसरा जॅब छातीवर किंवा पुढच्या खांद्यावर, मग उजवा. छाती डोक्यासारखी सटकत नाही. साउथपॉचा (उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणाऱ्याचा) सरळ डावा तर खांद्याच्या उघड्या बाजूने येतो, तिथे खांदा आडवा येत नाही. हे सगळं मागच्या पायाकडे बघितलं तरच कळतं.

दोरखंडाजवळच्या नोंदी वेगळ्या काढा. मागचा पाय दोरखंडाला लागायला आला की तो कुठल्या बाजूने निसटतो? बहुतेकांची एक आवडती बाजू असते, आणि निसटण्याआधी पुढचा पाय त्या दिशेला किंचित वळतो. ते वळण सापडलं की अर्धं काम झालं. तिथे त्याच्या मागे धावू नका, त्या बाजूला आधी पाय टाका.

शोल्डर रोलसाठी नावाजलेला व्यावसायिक बॉक्सर फ्लॉइड मेवेदर. त्याच्या लढती अभ्यासायच्या असतील तर या निवडा. 2002 ची कास्तियोविरुद्धची पहिली: कास्तियोचा जवळ राहून, मेवेदरला दोरखंडाला टेकवून शरीरावर मार. निकाल मेवेदरच्या बाजूने गेला, पण त्यावर अजून वाद होतो. 2007 ची दे ला होयाची: दे ला होयाचा जॅब चालत होता तोवर लढत तुल्यबळ, उत्तरार्धात जॅब आटला आणि लढत त्याच्या हातची गेली. मे 2014 ची मायदानाची: खांद्यावरून वळून येणारे वेडेवाकडे उजवे, सतत रेटा. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत मायदानाचे 221 ठोसे लागले, तोवर मेवेदरला कुणीच एवढे मारले नव्हते. आणि मग त्याच सप्टेंबरमधली परतीची लढत मुद्दाम बघा: मेवेदर रिंगच्या मध्यात राहिला, दोरखंडाजवळ थांबलाच नाही, गरज पडली तिथे क्लिंच केला, म्हणजे मिठी मारून अडवलं. सापडलेली उणीव त्याने पायांनीच बुजवली. दोन्ही लढतींत पायांचा रकाना भरून शेजारी ठेवा.

मात्र ती 12 फेऱ्यांची व्यावसायिक बॉक्सिंग. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. शरीरावर मार साठवून आठव्या फेरीत फळ मिळवायला वेळच नाही. पहिल्या फेरीत मागे पडलात की तो उरलेल्या दोन सांभाळून खेळतो. म्हणून पहिल्या 30 सेकंदांतल्या त्याच्या सवयी जास्त मोलाच्या.

तो स्वतः मारतो तेव्हाच्या नोंदी विसरू नका. बचावपटू प्रतिहल्ल्यातच सर्वांत उघडा पडतो. उजवा मारताना मागची टाच उचलली जाते का, पाय एका रेषेत येतात का? पुन्हा पायच, हो. एक गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध दिसली तरच ती सवय. एकदाच दिसली तर खोडून टाका.

मग हे आपण तयार करतो त्या मुलाशी ताडून बघा. उंच साउथपॉने काढलेली उणीव आपल्या बुटक्या ऑर्थोडॉक्सला (डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला) मिळेलच असं नाही. सापडलेल्या दहांपैकी तीन ठेवा. त्याहून जास्त डोक्यात राहत नाहीत.

स्पारिंगचा जोडीदार त्याच ठेवणीचा हवा, आणि त्याला पाय कसे टाकायचे ते शिकवा, नुसता गार्ड नव्हे. तारखा गणेश चवथीआधी ठरवा. त्या दिवसांत सगळे मूळ घरी जातात आणि हॉल ओस पडतो. पावसात लाद्या दमटतात, बूट घसरतात, फूटवर्कचा सराव कोरड्या मॅटवरच. स्पर्धेची रिंग दोरखंडांच्या आत 6.10 मीटर असते. क्लबची लहान असेल तर दोरखंड लवकर येतो आणि कोंडण्याचा अंदाज चुकतो. जमिनीवर टेप लावून खरं माप आखा.

लढतीच्या दिवशी: वजन, पट्ट्या, माउथगार्ड, पाणी. कॉर्नरमध्ये एकच माणूस बोलेल. रेफ्री क्लिंच लवकर तोडत असेल तर जवळून लढायचा बेत सोडा आणि छातीवरच्या जॅबवर या. गॅलरीत फोन लावायला कोणाला तरी आधीच बसवा, पाय दिसतील असा.