मेहर ठरवताना आणि वाटा मागताना काय काय बघायचं, आपल्या मुलींसाठी

इस्लाममध्ये बाईचं स्थान काय, हा विषय निघाला की आमच्याकडे लगेच बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन, सुरू होतं, जन्नत आईच्या पायाखाली इथपासून ते पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा स्वतः व्यापार करायच्या इथपर्यंत. ते मनाला भिडतं, मलाही भिडतं. पण निकाहाच्या वेळी मेहरचा, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचा, आकडा कोण बोलतं आणि अब्बा गेल्यावर घराच्या कागदावर बहिणीचं नाव लागतं का, बाईचं स्थान काय ते मला तरी तिथे कळतं. मी जुन्या नाशकातली, घरात दखनी आणि शाळा मराठी, आणि घरातल्याच चार-पाच निकाहांत आणि दोन वाटण्यांत बसून जे शिकले ते इथे लिहितेय. आम्ही सुन्नी, त्यातल्या हनफी मताचे, त्यामुळे हिशोब त्याप्रमाणे आहे, शिया घरांत वाटणीचे नियम वेगळे असतात हे लक्षात ठेवा.

सुरुवात निकाहापासून. मुलीची मर्जी नसेल तर पुढचं काही बोलूच नका. खन्सा बिंत खिदाम नावाच्या सहाबी, म्हणजे पैगंबरांच्या सोबतीतल्या, बाईंचं लग्न वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावलं, त्या थेट पैगंबरांकडे गेल्या आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द केला, बुखारी शरीफ या हदीसच्या ग्रंथात आहे हे. तेव्हा मुलगी गप्प आहे म्हणजे हो आहे असं धरून चालू नका, तिला एकटीला बसवून विचारा, आणि आईने किंवा खालाने, म्हणजे मावशीने, विचारा, बापासमोर मुली बोलत नाहीत.

मग मेहर. कुरआनात सूरह निसाच्या चौथ्याच आयतीत आहे की बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या. म्हणजे ते पैसे मुलीचे, बापाचे नाहीत, सासूचे तर नाहीतच. आपल्याकडे काय होतं, हॉल, बिर्याणी, फर्निचर यावर चार बैठका होतात आणि मेहर शेवटच्या पाच मिनिटांत, "लिहा सातशे शहाऐंशी". हे होऊ देऊ नका. पहिल्याच बैठकीत मेहर काढा, आणि तो रुपयात न ठरवता सोन्याच्या किंवा चांदीच्या वजनात ठरवा, कारण आजचे ५० हजार वीस वर्षांनी काय उरणार, पण ३० ग्रॅम सोनं हे ३० ग्रॅमच राहतं. हनफी मतात कमीत कमी १० दिरहम म्हणजे साधारण ३०.६ ग्रॅम चांदी लागतेच, आणि मेहरे फातिमी, म्हणजे पैगंबरांच्या मुलीचा, फातिमा यांचा मेहर, ५०० दिरहम म्हणजे साधारण १.५३ किलो चांदी. मेहरे फातिमी म्हटलं की लोकांना वाटतं अगदी थोडं काहीतरी असेल, तर त्या दिवशीचा चांदीचा भाव बघा आणि मोबाईलवर गुणाकार करून सगळ्यांसमोर सांगा.

आता निकाहनाम्यातली एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. मेहर दोन प्रकारचा, लगेच द्यायचा आणि नंतर द्यायचा. उर्दूत दोन्ही शब्द ऐकायला एकच वाटतात, मुअज्जल. एकात ऐन हे अक्षर आहे, दुसऱ्यात वाव या अक्षरावर हमज़ा, लिहिण्यात एवढाच फरक, पण ऐनवाला म्हणजे बायको मागेल तेव्हा द्यायचा आणि हमज़ावाला म्हणजे उधार, जो बहुतेक वेळा तलाक किंवा मौत होईपर्यंत कुणी काढतच नाही. म्हणून त्या शब्दाशेजारी मराठीत किंवा हिंदीत स्वच्छ लिहून घ्या की इतके ग्रॅम आज दिले, इतके बाकी, आणि बाकीचे अमुक तारखेपर्यंत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या निकाहात, वडाळ्यातल्या एका हॉलमध्ये, वकील (कोर्टातला नाही, निकाहात मुलीच्या वतीने बोलणारा) आणि दोन गवाह इजाजत घ्यायला आत आले तेव्हा ती ओढणीखाली, हातात मेंदीचा वास, आणि मागून तीन बायका म्हणतायत जल्दी दस्तखत कर बाहेर सब ठहरे हैं. तिने पेन घेतलं नाही, म्हणाली आधी वाचते. लाईट नेमकी मंद होती म्हणून खालाने मोबाईलचा टॉर्च धरला. मेहरचा रकाना कोरा होता! ठरलेलं सगळं तोंडी, रजिस्टरमध्ये काहीच नाही. रजिस्टर परत बाहेर गेलं, आकडा भरून आला, मग सही झाली. सगळं मिळून पाच-सात मिनिटं गेली असतील. काझीसाहेब स्वतः म्हणाले की हर लडकी को पढना चाहिये. तेव्हा मुलींनो, वाचल्याशिवाय सही नाही, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा, नवऱ्याच्या कपाटात नाही, त्याचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये पण.

निकाहनाम्यात अटीही घालता येतात. दुसरं लग्न केलं, मारहाण केली, खर्च दिला नाही तर बायकोला स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार, याला तफवीज म्हणतात आणि हनफी फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, ते मान्य आहे. लोक म्हणतील शुभ वेळी तलाकची भाषा कशाला. तर त्यांना सांगा की हा करार आहे आणि करारात अटी लिहायच्याच असतात. अट लिहिलेली नसेल तरी खुलाचा, म्हणजे बायकोने स्वतः मागून घ्यायच्या तलाकचा, रस्ता आहे, आणि १९३९ च्या कायद्याने मुस्लिम बाईला कोर्टातून निकाह संपवता येतो, नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च नाही, क्रूरपणा अशी कारणं त्यात आहेत. एका झटक्यातला तीन तलाक २०१७ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, पोटगीचा हक्कही २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट झालाय.

आता वाटा, आणि खरा अन्याय इथेच चालतो. कुरआनात मुलाला दोन आणि मुलीला एक असं प्रमाण दिलंय. अर्धाच का, यावर उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात की घरखर्चाची जबाबदारी पुरुषावर आहे म्हणून. आज कमावणाऱ्या आणि घर चालवणाऱ्या बायका बघून यावर बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण तो जो अर्धा लिहिलेला आहे तोसुद्धा हातात येत नाही, आधी तो तर घेऊ.

हिशोब असा. समजा अब्बा गेले, मागे अम्मी, एक भाऊ, दोन बहिणी, आणि घर ३२ लाखांचं. वाटायच्या आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, आणि अम्मीचा न दिलेला मेहर हे कर्जच आहे, तो आधी निघतो, हे कुणी सांगत नाही. मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, असेल तर ती जास्तीत जास्त एक तृतीयांश. मग उरलेलं. सोपं व्हावं म्हणून उरलेलं ३२ लाखच धरू. अम्मीचा आठवा हिस्सा ४ लाख, उरले २८, त्यात भावाला १४ आणि बहिणींना ७-७. दादी हयात असेल तर तिचा सहावा हिस्सा आधी. भाऊ नसेलच तर एकट्या मुलीला अर्धं, दोन किंवा जास्त मुलींना मिळून दोन तृतीयांश. आणि हो, बँकेत नॉमिनी भाऊ असला म्हणून पैसे भावाचे होत नाहीत, त्याने ते वारसांना वाटायचे असतात.

माझ्या फुफीला, म्हणजे आत्याला, तिच्या भावांनी जेवायला बोलावलं, जेवण झाल्यावर ओट्याशेजारी स्टॅम्प पेपर पुढे केला, हक्कसोड पत्र. "तेरा माहेर बना रहेगा." तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, वाचून सांगते म्हणाली, आणि घरी आली. दोन वर्षं ईदला कुणी आलं नाही तिच्याकडे. हे मी लपवणार नाही, वाटा मागितला की नाती ताणतात. पण ती म्हणायची की माहेर माझं आहे तर माझ्या नावावर असायला काय हरकत आहे. तेव्हा असा कागद आला तर तिथेच सही करायची नाही, घरी न्यायचा. बाप हयात असताना तर अजिबात नाही, आणि त्या बदल्यात पैसेही घ्यायचे नाहीत, कारण शरियतमध्ये हक्क मौत झाल्यावर तयार होतो पण पैसे घेतले असतील तर पुढे कोर्टात अडचण येते.

बापांनाही एक सांगते. मुलींना बरोबरीने द्यायचं मनात असेल तर हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करा, बोलून द्या, तिने स्वीकारलं पाहिजे आणि ताबाही तिला दिला पाहिजे, आणि रजिस्टर करून टाका. एका बापाने एकाच मुलाला बक्षीस दिलं तर पैगंबरांनी त्याला साक्षीदार व्हायला नकार दिला होता आणि मुलांमध्ये न्याय करा म्हणाले होते. आणि घरात विधवा सून आणि तिची पोरं असतील तर वसीयत नक्की करा, मुलगा बापाआधी गेला आणि दुसरे मुलगे हयात असतील तर त्या पोरांना वाटा मिळत नाही, सुनेला तर नाहीच.

नाशकात प्रत्यक्ष करायचं असेल तर घरासाठी सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा आणि वारस नोंदीचा अर्ज स्वतः करा, भावाने केला असेल तर त्यात तुमचं नाव घातलंय का ते बघा. शेतजमीन असेल, दिंडोरी-निफाडकडे असते कुणाची, तर सातबारा आणि फेरफार बघा, आणि वकिलाला विचाराच, कारण १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. फेरफारची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वकिलाला पैसे नसतील तर सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथे फुकट वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो, फोन १५१००. जाताना मृत्यूचा दाखला, आधार, रेशन कार्ड, निकाहनामा, शाळेचा दाखला ज्यावर वडिलांचं नाव आहे, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, आणि शक्यतो सकाळी, एखाद्या बहिणीला सोबत घेऊन.