भीमबेटकाला मुलांना घेऊन जाताय? मग आधी एवढं करा

पहिलं काम म्हणजे कॅलेंडरात सोमवार शोधणं. भोपाळच्या श्यामला हिल्स भागातलं मानव संग्रहालय, राज्य संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय ही तिन्ही सोमवारी बंद असतात. भीमबेटका, म्हणजे भोपाळजवळच्या प्राचीन चित्रांच्या गुहा, उघडं असतं. तेव्हा रविवारी संग्रहालयं आणि सोमवारी सकाळी भीमबेटका असा बेत ठेवा, म्हणजे दिवस फुकट जात नाही आणि भोपाळकरांची सुट्टीची गर्दीही टळते. टॅक्सीवाला म्हणेल, सांची आणि भीमबेटका एका दिवसात उरकून देतो. त्याला सरळ नाही म्हणा. सांची शहराच्या उत्तरेला, भीमबेटका दक्षिणेला, दोन्हीकडे साधारण ४५ किलोमीटर. मुलांच्या वाट्याला फक्त गाडीची मागची सीट येईल.

निघण्यापूर्वी आठवडाभर घरात थोडी तयारी करावी असं माझं ठाम मत आहे, आणि ती बॅगेपेक्षा डोळ्यांची हवी. इंटरनेटवर भीमबेटकाचे जे फोटो दिसतात ते निवडक, रंग चढवलेले असतात. प्रत्यक्षात चित्रं फिकट, छोटी आणि एकमेकांवर काढलेली आहेत. हे आधी सांगितलं नाही तर मुलं दहा मिनिटांत ‘झालं का बघून?’ विचारतात. त्यांना एक खेळ देऊन ठेवा: कुठलं चित्र खाली आहे आणि कुठलं त्याच्यावर? ज्याची रेषा दुसऱ्याला ओलांडून जाते ते नंतरचं. दुसरी खूण घोड्याची. सजवलेला घोडा, वर स्वार, हातात तलवार किंवा भाला दिसला की ते चित्र ऐतिहासिक काळातलं समजायचं. रानरेडे, हरणं, काठीसारख्या अंगाची शिकारी माणसं यांतली बरीच त्याहून खूप जुनी, मध्याश्मयुगातली, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी काळातली आहेत. एकाच खडकावर हजारो वर्षांच्या अंतराने माणसं येऊन चितारत राहिली, ही गोष्ट मुलं स्वतः शोधून काढतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. ‘झू रॉक’ नावाचा प्राण्यांनी गच्च भरलेला खडक या खेळासाठी उत्तम. तिथे घाई करू नका, बाकीच्या दोन-चार गुहा राहिल्या तरी चालतील.

वाकणकरांची गोष्टही घरीच सांगून ठेवा. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर, उज्जैनचे हरिभाऊ, १९५७ साली रेल्वेने भोपाळकडे येत असताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले. नंतर ते इथे येऊन धडकले आणि चित्रं जगापुढे आली. पुढे १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी इथे उत्खनन केलं. चित्रांच्याही कितीतरी आधीची दगडी हत्यारं त्यात सापडली. २००३मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं. अशी हत्यारं काचेआड बघायची तर राज्य संग्रहालयात प्रागैतिहासिक दालन आहे. ते आदल्या दिवशी पाहून घेतलं की गुहेच्या जमिनीकडेही लक्ष जातं.

आता सामान. पाणी माणशी एक बाटली तरी, कारण वर टेकडीवर काही मिळेल असा भरवसा धरू नये. पोळीभाजी किंवा दशम्या गाडीत ठेवा, हातात पिशवी घेऊन फिरू नका, माकडं असतात. टोप्या, पकड चांगली असलेले बूट, नाक्यावरच्या शुल्कासाठी सुटे पैसे. गाडी थेट वर जाते आणि वाट फारशी चढाची नाही, त्यामुळे आजी-आजोबांना हॉटेलवर बसवून ठेवायचं कारण नाही. शैलाश्रय, म्हणजे खडकांचे गुहेसारखे आडोसे, सातशेहून अधिक असले तरी लोकांसाठी खुले पंधराच्या आसपास आहेत. छोटी दुर्बीण असेल तर नक्की घ्या. शिंगं असलेलं एक प्रचंड डुकरासारखं जनावर, पळणाऱ्या माणसामागे लागलेलं, डोक्याच्या बरंच वर रंगवलेलं आहे.

अत्तर, डिओ लावून जाऊ नका आणि मुलांना खडकांत ओरडून प्रतिध्वनी ऐकायची हौस असेल तर ती आवरा. कपारींना आग्या माश्यांची मोठी पोळी लटकतात. या पोळ्यांनी तज्ज्ञांनाही चकवलंय बरं का! इथल्याच ‘ऑडिटोरियम’ नावाच्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जिवाचा जीवाश्म सापडला, अशी बातमी २०२१मध्ये गाजली होती. २०२३मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो झडून गेलेल्या पोळ्याचा डाग होता. मुलांना हे जरूर सांगा. विज्ञान असंही चालतं हे शाळेत क्वचितच कळतं. इथल्या चित्रांत मध काढणारी माणसंही आहेत.

चित्रांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ‘पाणी मारलं की रंग उजळ दिसतात’ असं कोणी सांगितलं तर तेही करू देऊ नका. रंग गेरूसारख्या खनिजांचे आहेत, वाळूच्या दगडात मुरल्यामुळे टिकलेत. वरून पाणी पडत राहिलं तर क्षारांचा थर चढतो.

ज्यांचे गुडघे अगदीच ऐकत नाहीत त्यांच्यासाठी मानव संग्रहालयाच्या आवारातही रंगवलेले शैलाश्रय आहेत. आवार सुमारे २०० एकरांचं आहे, तेव्हा रविवारी दुपारी उशिरा तिथे पोचून सगळं बघायचा हट्ट धरू नका.

सोमवारी परत येताना वेळ उरला तर भोजपूर करा. अकराव्या शतकातलं ते शिवमंदिर अपुरंच राहिलं, पण त्याचे आराखडे आजूबाजूच्या खडकांवर कोरलेले आहेत. माथ्यावरच्या उन्हात त्या रेषा हरवतात, म्हणून चारनंतर पोचा.