मिनी पीसी घेताय? आधी या चुका टाळा

मिनी पीसी म्हणजे छोट्या डब्यातला संगणक. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्या बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी झालेला असतो. त्यांनी तो लहान आकाराचा डेस्कटॉप समजून घेतलेला असतो. झाकण उघडलं की आत लॅपटॉप निघतो: लॅपटॉपसारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर, लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपसारखाच छोटा पंखा आणि बाहेर लोंबणारा अडॅप्टर. नाही ते फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि बॅटरी. एवढं लक्षात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

नुसतं 'आय५' ऐकून पैसे मोजणं

बाजारात सध्या दोन प्रकारचा माल जोरात आहे. एक, इंटेल एन१०० सारख्या चिपवर चालणारे नवे, स्वस्त डबे. दुसरा, कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि दुरुस्त करून विकलेले मशीन: लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. दुसऱ्या प्रकारातला लोखंडी सांगाडा दणकट असतो, उघडायला सोपा असतो, आणि माझं मत विचाराल तर घरच्या किंवा दुकानाच्या कामाला तोच जास्त पटतो. पण 'आय५ आहे' या एका वाक्यावर सौदा करू नका. आय५ हे इंटेलच्या प्रोसेसर-मालिकेचं नाव, त्यातली पिढी कोणती ते विचारा. आय५-६५००टी म्हणजे सहावी पिढी, आय५-८५००टी म्हणजे आठवी. शेवटचं 'टी' अक्षर ३५ वॅटचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर असल्याची खूण. सहाव्या पिढीचा असा आय५ आणि चार कोअरचा नवा एन१०० यांच्या ताकदीत आज फारसा फरक उरलेला नाही.

पिढीला आणखी एक महत्त्व आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जुन्या मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ घालून देणारे दुकानदार आहेत. ते चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स वापरणार असाल तर सातव्या पिढीचं मशीन स्वस्तात उचलायला हरकत नाही.

बेअरबोनची किंमत पूर्ण किंमत समजणं

ऑनलाइन जाहिरातीत किंमत फारच कमी दिसली तर 'बेअरबोन' हा शब्द शोधा. याचा अर्थ रॅम नाही, एसएसडी (फाइली साठवणारा भाग) नाही, विंडोज नाही. तिन्ही धरून बेरीज केल्यावर तयार मशीन स्वस्त पडतं असं बऱ्याचदा दिसतं.

सुटे भाग घेतानाही गल्लत होते. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एसएसडी बसते त्या एम.२ स्लॉटमध्ये काही जुन्या मॉडेलांत फक्त साटा (जुन्या, संथ) जातीची एसएसडी चालते, काहींत फक्त एनव्हीएमई (नव्या, वेगवान) जातीची. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्याच, त्यामुळे आधी मॉडेलचं मॅन्युअल पाहा. एन१०० ला रॅमचं एकच चॅनल, म्हणजे जोडणीची एकच वाट आहे आणि बहुतेक मशीनमध्ये स्लॉटही एकच असतो. ८ जीबीची एक पट्टी आज आणि दुसरी दिवाळीला, हा बेत तिथे जमत नाही. अॅपलच्या मॅक मिनीत तर रॅम चिपसोबतच येते, नंतर वाढवता येत नाही. तिथे काटकसर केली की ती कायमची.

कप्प्यात कोंबणं

जागा वाचते म्हणून घेतलेलं मशीन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, टीव्हीमागच्या फटीत किंवा दुकानात देवाच्या फोटोखालच्या बंद कपाटात जातं. मग तक्रार येते: सकाळी छान चालतं, दुपारी रडतं. व्हायरस शोधला जातो, विंडोज पुन्हा टाकलं जातं, आणि दुखणं तसंच राहतं. कारण आतला लहान पंखा भोवतालचीच हवा ओढतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असेल तर प्रोसेसर लवकर ९५-१०० अंशांना भिडतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

खात्री करणं सोपं आहे. मशीन हळू झालं की टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वेग पाहा. काम जोरात असतानाही वेग नेहमीच्या निम्म्यावर आला असेल तर संशय उष्णतेवर घ्या. तापमान एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. मग मशीन उघड्यावर आणा, चारही बाजूंनी बोटभर जागा ठेवा. मॅक मिनीची हवा बुडाकडून आतबाहेर होते, त्यामुळे तो सतरंजीवर किंवा मऊ टेबलक्लॉथवर ठेवू नका. धूळ ब्लोअरने काढा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरला की खराब होऊ शकतो. चार-पाच वर्षं जुन्या रिफर्बिश्ड मशीनची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बहुधा वाळलेली असते. ती बदलायचं काम दुकानात झटपट होतं आणि फरक लगेच कळतो.

मॉनिटरच्या पाठीवर मशीन टांगणाऱ्यांसाठी एक सूचना: मॉनिटरला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर भोकं आहेत का आणि ती स्टँडनेच अडवलेली नाहीत ना, हे पट्टी घेऊन तपासा. टांगल्यावर पॉवर बटणाला हात पोचत नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'वीज आल्यावर आपोआप सुरू व्हा' असा पर्याय बहुधा असतो, तो चालू करून ठेवा.

बिघाड नसलेले बिघाड

वायरलेस माउस अडखळतो? त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये किंवा त्याच्या शेजारी असेल. यूएसबी ३ च्या वापरात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट तयार होतो आणि लहान डब्यात सगळं खेटून असतं. रिसीव्हर वितभर एक्स्टेन्शन वायरने दूर न्या, माउस सुधारतो.

४के मॉनिटरवर कर्सर ओढल्यासारखा वाटत असेल तर एचडीएमआय पोर्ट जुन्या १.४ प्रकारचा असू शकतो. त्यावर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमचंच मिळतं. डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरा.

तारीख रोज मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, ही मशीनच्या आतल्या, नाण्याच्या आकाराच्या सीआर२०३२ सेलची करामत. सेल बदला.

अडॅप्टर हरवला तर केवळ पिन बसते म्हणून दुसरा लावू नका. व्होल्ट जुळले पाहिजेत आणि वॅट कमी नकोत. डेलच्या मायक्रोमध्ये परका अडॅप्टर ओळखला गेला नाही तर सुरू होताना इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो.

सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटर, स्कॅनर, थंब मशीन आणि वेबकॅम एकदम लागतात. पोर्ट पुरत नाहीत म्हणून स्वस्त हब घेतला जातो आणि मग थंब मशीन मध्येच गायब होतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

वीजबिलाचा हिशेब फुगवणं

साध्या कामात मोठा डेस्कटॉप ६०-७० वॅट खात असेल आणि मिनी १५, तर आठ तासांत वाचतं ०.४ युनिट. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दहा युनिट, म्हणजे शंभरेक रुपये. यासाठी चालू डेस्कटॉप विकू नका. खरा फायदा लोडशेडिंगच्या गावात आहे: तोच छोटा यूपीएस मिनी पीसीला कितीतरी जास्त वेळ पुरतो आणि उरलेल्या ताकदीवर राउटरही चालतो.

उलट बाजूही पाहा. मोठ्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) जळला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात काय, तालुक्याच्या दुकानातही दुसरा मिळतो. मिनीचा मदरबोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा शोधावा लागतो, आणि एन१०० सारख्या नव्या डब्यांत प्रोसेसर त्यावरच चिकटवलेला असतो. ग्राफिक्स कार्ड तर बहुतेकांत बसतच नाही. गेम खेळणारा मुलगा घरात असेल किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरत असाल, तर टॉवर, म्हणजे मोठा डेस्कटॉपच घ्या.

मशीन घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन कामं उरका. दुकानदाराचा शब्द सरळ मानू नका: सेटिंग्जमधल्या अॅक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज खरंच सक्रिय आहे का ते पाहा आणि लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे ते बिलावर लिहून मागा. नंतर भर दुपारी, पंखा-एसी बंद ठेवून, तासभर यूट्यूब आणि एखादी मोठी फाइल कॉपी एकदम चालू ठेवा. मशीनच्या पंख्याचा आवाज रात्री झोपायच्या खोलीत सहन होईल का, तेही तेव्हाच कळेल.