सीट आधी खाली, मग वर

मोठेपणी सायकल शिकणाऱ्याने सर्वप्रथम हातात पाना घ्यावा आणि सीट इतकी खाली आणावी की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकतील. शक्य झाल्यास पायडलेही काढून ठेवावीत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हे ठाऊक नसल्यामुळे मी एकदा त्यावर अर्धा तास जोर काढला होता.

मोकळ्या मैदानात किंवा हलक्या उतारावर पायांनी जमीन रेटत पुढे जावे आणि वेग आला की दोन्ही पाय उचलावेत. सायकल ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात. तोल म्हणतात तो हाच. मागे कॅरिअर धरून धावणारा सोबती नेमके हे कलणेच थांबवतो, म्हणून त्याला चहाला पाठवावे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर लांब ठेवावी. पाय न टेकता तेवढे अंतर सहज जाऊ लागले की पायडले बसवावीत. ब्रेक दोन्ही एकत्र, बेताने दाबावेत. एकटा पुढचा करकचून दाबला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

यानंतरची गोष्ट बहुतेकजण विसरतात: सीट वर करणे. शिकतानाच्या उंचीवर वर्षानुवर्षे सायकल चालवली तर गुडघे कायम दुमडलेले राहून दुखू लागतात आणि दोष वयाला दिला जातो. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी उंची साधारण योग्य. मात्र सीटच्या दांड्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नये. चढावर जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत.

फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी 2012 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी तासाभरात 24.25 किलोमीटर अंतर कापले आणि दोन वर्षांनी, सरावाच्या बळावर, 26.927. आपल्याला विक्रम करायचा नाही. पण सत्तरीत पाय दांडीवरून पलीकडे जाईनासा झाला, तर बिनदांडीची सायकल घ्यावी आणि दुकानातच टाच टेकवून सीटची उंची पाहून घ्यावी.