चित्रकलेतून ग्राफिक डिझाइनकडे जाताना या चुका टाळा

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यात चित्रकलेच्या क्लासला जाणाऱ्या मुलांची कमी नाही. पण दहावी झाली की बहुतेकांचे रंग माळ्यावर जातात. त्यांच्यातलाच एखादा चार वर्षांनी डिझायनर व्हायचं ठरवतो आणि पहिली धडपड करतो ती सॉफ्टवेअरचा कोर्स शोधण्याची. हातात आधीच काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही वाट विनाकारण तुटते.

इंटरमिजिएट फक्त गुणांसाठी देणं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीत 7 गुण, ब ला 5, क ला 3. पालकांचा हिशेब इथेच संपतो. पण त्या परीक्षेतली स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हीच पुढे बीएफएच्या, म्हणजे ललित कलेच्या पदवीच्या, सीईटी या प्रवेश परीक्षेतही असतात. संकल्पचित्रात ठरलेल्या चौकटीत मोजक्या रंगांत आकार बसवायचे असतात. पोस्टरचं लेआउट करताना तरी दुसरं काय करतो आपण? अक्षरलेखनाला मुलं कंटाळतात, पण लोगो करायला बसलं की अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजायची तीच सवय उपयोगी पडते. म्हणून अकरावी-बारावीत आठवड्यातून दोन दिवस तरी हात चालू ठेवा.

सीईटी बारावीनंतर असते आणि ती कुठल्याही शाखेतून देता येते. अनेकांना ती कळते तोवर फॉर्मची मुदत उलटलेली असते, तेव्हा अकरावीतच चौकशी करा. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड ही परीक्षा आहे, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी आहे, आणि फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्टचं मुंबई केंद्र तर आपल्या खारघरलाच आहे. या परीक्षांत नुसत्या सफाईदार शेडिंगवर भागत नाही, प्रश्न सोडवण्याची रीतही पाहतात.

पोर्टफोलिओत नटनट्यांचे चेहरे भरणं

फोटो पाहून काढलेलं हुबेहूब पोर्ट्रेट कौतुकाचं असतं, पण त्यातून तुम्ही विचार कसा करता ते दिसत नाही. त्यापेक्षा टीएमटीच्या थांब्यावर उभे राहा. कुठली बस कुठे जाते हे आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा तक्ता करून पाहा. आधीचे कच्चे आराखडेही जोडा. अशी आठ-दहा कामं पुरतात.

मराठी मजकूर इंग्रजीसारखा वागवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. शुभेच्छांचे फलक, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या असं ठाणे-नवी मुंबईतलं कितीतरी काम मराठीत असतं आणि शिकवणी मात्र इंग्रजी अक्षरांवर होते.

फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर हलन्त दाखवत फुटलं, तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉप 2022 पासून हे आपोआप जमतं. त्याआधीच्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. त्याहून जुन्या आवृत्तीत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं आहे. आधीच्या टेक्स्ट लेयरला ते वेगळं लावावं लागतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हेच काम वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर करतो. तपासायला ‘हार्दिक’ हा शब्द टाइप करा. त्यात रफारही आहे आणि पहिली वेलांटीही, त्यामुळे गडबड असेल तर लगेच दिसते.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेवर आदळतो. फॉन्टसाठी चोरीच्या फाइली गोळा करायची गरज नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट केला र. कृ. जोशींनी. ते मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकले आणि पुढे आयडीसीत शिकवायला होते. देवनागरीवर इतकं मोठं काम आपल्या शेजारी झालंय, ते जरूर अभ्यासा.

स्क्रीनवर छान दिसलं म्हणून छापायला पाठवणं

वागळे इस्टेटमधल्या प्रेसवर फाइल गेली आणि चकचकीत हिरवा मळकट छापून आला, की आधी फाइलचा कलर मोड बघा. स्क्रीन आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात दाखवते, छपाई सीएमवायकेत, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत होते, आणि काही भडक रंग शाईत उतरतच नाहीत. व्हिजिटिंग कार्डासाठी 300 डीपीआय (एका इंचातले ठिपके) आणि चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, ठेवा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के 100 टक्के, ठेवा. चारही शाई घातल्या आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत कड येते. चौकातल्या मोठ्या फ्लेक्सला मात्र 300 चा हट्ट नको. तो लांबून पाहतात, प्रत्यक्ष आकाराला 72 ते 100 पुरतं.

ग्राहकाने लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो ताणू नका. वेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, डॉक्युमेंट म्हणून मागा, नसेल तर नव्याने आखा आणि त्याचे पैसे सांगा. प्रेसला देताना फॉन्ट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका. पण त्याआधी शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण कर्व्ह केलेला मजकूर टाइप करून सुधारता येत नाही. न कर्व्ह केलेली प्रत जपून ठेवा.

‘घरचंच काम आहे’ म्हणून काही न ठरवणं

मंडळाचे दादा असोत की मावशींचं पोळीभाजी केंद्र, सुरुवातीची कामं ओळखीतूनच येतात आणि ती आनंदाने करावीत. फक्त किती नमुने, किती दुरुस्त्या, पैसे किती आणि कधी, हे एका मेसेजात लिहून ‘चालेल’ असं उत्तर मिळाल्यावरच कामाला बसा. निम्मे पैसे आधी घ्या. मूळ फाइल द्यायची की नुसती पीडीएफ, तेही त्याच मेसेजात येऊ द्या.