घड्याळाचा पट्टा घरी बदलताना या चुका टाळा

घड्याळाचा पट्टा बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. नात्यातली आणि शेजारची जी घड्याळं माझ्याकडे येतात, त्यातली निम्मी तरी कुणीतरी हेच काम दोन मिनिटांत उरकल्यामुळे येतात. सगळ्यांचं लक्ष पट्ट्यावर. चामडं खरं की खोटं, तपकिरी घ्यायचा की काळा, यावर घरभर चर्चा. घड्याळ मनगटावर राहतं ते मात्र दोन बारीक पिनांच्या जोरावर, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मापाची चूक तर ऑर्डर करतानाच होते. जुना पट्टा स्केलवर ठेवून माप घेतात. तो घामाने फुगलेला, कडेने झिजलेला. त्याच्या मापाला काय अर्थ? मोजायची ती घड्याळाच्या दोन कानांमधली, म्हणजे पट्टा ज्यांच्यामध्ये बसतो त्या पुढे आलेल्या टोकांमधली, मोकळी जागा. पुरुषांच्या घड्याळांत ती बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते, पण १९ आणि २१ ही मापंही असतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हाताशी नसेल तर मी कागदाची पट्टी घेतो, कडेने थोडी थोडी कातरत त्या जागेत अलगद बसवतो आणि मग ती मोजतो. ‘२० चा १९ मध्ये दाबून बसतो की’ म्हणणारे भेटतात. बसतो, पण चामड्याच्या कडा चुरगळून. उलट १८ चा पट्टा २० मध्ये घातला तर दोन्हीकडे फट राहते आणि पट्टा पिनेवर डावी-उजवीकडे सरकत बसतो. शिवाय पट्ट्यासोबत आलेली पिनही १८ चीच असते. ती दुसऱ्या टोकाला पोचतच नाही, किंवा पोचलीच तर जेमतेम टेकते.

आता पिन. ही एक बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकं दाबली की आत जातात. ही टोकं कानांच्या आतल्या बाजूला असलेल्या भोकांत बसतात. बसली की टक असा अगदी बारीक आवाज येतो. तो ऐकायचा असेल तर टीव्ही बंद करावा लागतो, आणि इथेच नवशिक्यांचा धीर सुटतो. एक टोक बसलं, दुसरं भोकाच्या शेजारी नुसतं दाबून राहिलं, तरी वरून बघताना सगळं ठाकठीक दिसतं. नवं चामडं ताठ असतं, तेच पिनेला धरून ठेवतं. आठ-पंधरा दिवसांत ते मऊ पडतं आणि पिन निसटते.

माझ्या चुलतभावाने वडिलांच्या चावीच्या एचएमटीला असाच नवा पट्टा लावला. मी म्हटलं, एकदा ओढून बघ. ‘दादा, बसलाय रे, किती शंका काढतोस.’ पुढे घरच्याच लग्नात साहेब पंगतीला वाढायला उभे राहिले, बाह्या सरसावून, हातात आमटीची बादली. पळी वर काढताना बादलीच्या काठाला मनगट लागलं आणि घड्याळ सरळ आमटीत. पंगत थांबली, बादली बदलली, काकूंनी सगळ्यांसमोर त्याला जे सुनवलं ते इथे लिहीत नाही. ते घड्याळ काही पाण्यात चालणारं नव्हतं. घड्याळजीने उघडलं तेव्हा डायलवर तेलाचा तवंग आणि सहाच्या आकड्याजवळ मोहरीच्या सालाचा तुकडा. यंत्र धुऊन चालू झालं, डायलचा डाग गेला नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता डायल मिळवायची तर दुसरं मोडकं घड्याळ शोधायचं.

म्हणून पट्टा बसवल्यावर मी पट्टा काढायच्या टूलचं टोक पिनेला लावून ती हलवून बघतो. आडवी सरकली तर एक टोक बाहेर आहे. मग पट्ट्याचे दोन्ही भाग धरून चांगला हिसका देतो, खाली पलंगावर उशी ठेवून. जुनी पिन मी परत वापरत नाही. वाकलेली, गंजलेली पिन चार-दोन रुपये वाचवायला पुन्हा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त काम करून देत नाही.

सुरी, कात्री, सेफ्टी पिन यांनी पट्टा काढू नका. दुबेळक्या टोकाचं टूल स्वस्तात मिळतं. तेही घसरतं, म्हणून कानांवर आधी कागदी चिकटपट्टी लावा. पिन उडून पलंगाखाली जाते. घड्याळ आणि हात पारदर्शक पिशवीत घालून काढली की पिशवीतच राहते.

बक्कलचा तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला. उलटा लावलेला बघून मला राहवत नाही.

स्टीलच्या चेनची कडी काढताना आतल्या बाजूला बाण असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ठोकायची आणि घालताना उलट दिशेने घालायची. काही चेनमध्ये पिनेवर इवलीशी नळी असते, ती न कळत पडते आणि मग पिन कितीही ठोकली तरी धरत नाही.

पावसाळ्यात चामडं नको. ज्यांना पिनेची फारच धास्ती वाटते त्यांनी एकसंध नायलॉनचा पट्टा घ्यावा, ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये प्रमाणित केलेल्या धर्तीचा. तो दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक निसटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहतं.

आणि सैल पिनेवर फेविक्विक टाकायची आयडिया डोक्यात आली तर टूल खाली ठेवा. त्याची वाफ काचेवर पांढुरकी बसते, आणि पुढच्या वेळी ती पिन काढायला घड्याळजीसुद्धा सरळ नाही म्हणतो.